कोचविरुद्धचा अर्ज

आमच्या घराण्यात तोंडी तक्रार करायची पद्धत नाही. माझ्या वडिलांनी पुण्यात गल्लीतल्या एका बंद दिव्याबद्दल महापालिकेला इतके अर्ज केले की शेवटी फाइलच दिव्याच्या उंचीला टेकायची बाकी राहिली. दिवा काही लागला नाही, आणि वडिलांना त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही. तोंडावर बोललं की भांडण होतं, आणि भांडण हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे, असं ते म्हणत. आपण कागद घ्यावा, वर 'विषय' लिहावा, मुद्द्यांना आकडे घालावेत, तळाशी 'प्रत माहितीसाठी' म्हणून चार मोठ्या लोकांची पदं लिहावीत आणि शांत झोपावं. लिहिणाऱ्याला झोप लागली की अर्ज निकाली निघाला. त्यावर खरोखर कुणी काही करील अशी अपेक्षा धरणं म्हणजे पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापलंय म्हणून लग्नाला खरंच रिकाम्या हातानं जाणं.

ही विद्या मी आयर्लंडला येताना बरोबर आणली. दहा वर्षं ती पडून होती, कारण इथे तक्रार करावी असं पावसाखेरीज फारसं काही नसतं, आणि पावसाबद्दल कुणाला लिहायचं ते मला कळलं नाही. मग २०२० साल आलं, आणि त्याच्यामागोमाग माझ्या मुलीचा फुटबॉल कोच.

मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. नऊ वर्षांची असताना आमच्याबरोबर इथे आली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीतून येतं, तेही अशा आयरिश हेलात की पुण्याहून फोनवर माझी बहीण म्हणते, "जरा सावकाश बोल गं बाई." ती खेळते ते गेलिक फुटबॉल. चेंडू हातात घेऊन पळायचं, चार पावलं झाली की तो जमिनीवर आपटायचा किंवा पायावर उडवून परत झेलायचा, आणि समोरच्या दोन उंच खांबांमधून मारायचा. आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक गुण, खालून गेला तर तीन. हा खेळ ठरवायला बसलेल्या समितीत एकमत झालं नसावं आणि सगळ्यांच्याच सूचना मंजूर झाल्या असाव्यात. तरीही इथली माणसं त्याच्यासाठी जीव टाकतात.

कोच साठीकडे झुकलेला, बुटका, लाल मानेचा माणूस. दिवसा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी कॉलेजच्या मुलींवर ओरडायचा. या दुसऱ्या कामाचं त्याला काही मिळत नव्हतं, निव्वळ आवडीनं ओरडायचा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते सप्टेंबरमध्ये. पालकांना मैदानात प्रवेश नव्हता, म्हणून मी गाडीतच बसून होतो. पंधरा-पंधरा मुलींचे गट आणि प्रत्येकीत दोन मीटर अंतर. सगळ्या देशाला दोन मीटरचा नियम जाचत होता, याच्या मात्र तो पथ्यावर पडला होता, कारण आता ओरडायला सरकारी सबब मिळाली होती. एका मुलीच्या हातून चेंडू सुटला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून चिखलात फेकली, तिच्यावर दोनदा नाचला, मग उचलून, झटकून परत घातली. पुढच्या मुलीच्या हातून सुटला तेव्हा टोपी पुन्हा चिखलात. मग त्यानं पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याला लाथ मारली आणि बाटल्या चौफेर गडगडत गेल्या.

आणि मग माझ्या मुलीकडे वळून म्हणाला, "ए, तू खेळायला आलीस की गवत कसं वाढतं ते बघायला?"

माझं रक्त उसळलं. म्हणजे, मी गाडीची काच थोडी खाली केली. ती परत आली तेव्हा तोंड लाल, केस घामानं चिकटलेले. धीर द्यायची वाक्यं मी तयारच ठेवली होती.

"बाबा, आज त्यानं मला दोनदा झापलं!" ती म्हणाली. बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा. "एकीला चारदा झापलं, पण ती थर्ड इयरची आहे."

हळूहळू मला या पंथाची माहिती होत गेली. मुलींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्यात कोचनं कुणाला काय म्हटलं याची रोज नोंद व्हायची. मुली ती वाक्यं पाठ करत, एकमेकींना म्हणून दाखवत. एका सरावात तो एका मुलीला एकही शब्द बोलला नाही, तर ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला 'ओल्या पोत्यासारखी पळतेस' असं म्हटलं आणि सगळ्या संघानं सुटकेचा निःश्वास टाकला. मी बायकोला म्हटलं, ही कसली भक्ती? शिकल्यासवरल्या मुली, आणि एक लिफ्टवाला त्यांना वाटेल ते बोलतो.

"तुमची नव्हती का तुमच्या वडिलांवर? ते तर मारायचे," बायको म्हणाली.

ते वेगळं होतं, असं मी म्हणालो. कसं वेगळं, असं तिनं विचारलं. मला एक ऑफिसची मेल पाठवायची आठवण झाली.

ऑक्टोबरअखेर देश पुन्हा बंद झाला. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी आली आणि मैदान तर बारा किलोमीटरवर. मला वाटलं, सुटलो. पण कोचनं सराव झूमवर आणला. आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी सहाला, सिटीवेस्ट या उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये. या फ्लॅटच्या भिंती पुठ्ठ्याला लाजवतील अशा आहेत. दोन बेडरूम, एक हॉल ज्याच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर, आणि एक अडगळीची खोली जिला एजंटानं 'स्टडी' म्हटलं होतं. त्या स्टडीत मी ऑफिस करायचो. हॉलमध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मुलगी उड्या मारायची, आणि बायको कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ओट्याआड वाकून पोळ्या लाटायची. ती नुसती वाकत नसून कोचच्या शिट्टीवर उठाबशा काढते आहे हे मला फार उशिरा कळलं. त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकाच व्यक्तीचं वजन उतरलं आणि ती संघात नव्हती.

हा सगळा घाम ज्या स्पर्धेसाठी, ती आधी पुढे ढकलली गेली आणि मग रद्दच झाली. कोचला ते कुणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल आणि त्यानं सांगणाऱ्यालाच मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असतील. जी मॅच होणार नव्हती तिच्यासाठी सव्वीस मुली सव्वीस घरांतून त्याचा ओरडा खात होत्या आणि एकीनंही दांडी मारली नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी माझी अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर मीटिंग होती. बाराजण होते. माझी पाळी आली. मी माइक सुरू केला आणि म्हणालो, आमची यंत्रणा आता पूर्णपणे स्थिर आहे. त्याच क्षणी हॉलमधून आवाज आला:

"तू फ्रिजशेजारी उभी आहेस की तूच फ्रिज आहेस? हल की पोरी, हल! माझी आजी थडग्यात आहे, तरी तिला तुझ्यापेक्षा जास्त घाम येतोय!"

 मग क्लायंटनं हळुवारपणे विचारलं, "तिकडे सगळं ठीक आहे ना? मिसेस आहेत का?"

कोचचा तो घोगरा, पुरुषी आवाज आपला समजला गेला हे कळल्यावर बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी. कोचवर तिचा काही राग नव्हता.

मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. किती दिवसांनी बोटं अशी झरझर चालली! विषय: महिला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांच्या असभ्य वर्तनाबाबत. एकूण सात मुद्दे. चौथ्या मुद्द्यात 'खेळाडूची घरगुती उपकरणाशी केलेली तुलना', पाचव्यात 'दिवंगत नातेवाइकांचा अनुचित उल्लेख', सहाव्यात बाटल्यांना मारलेली लाथ. सातव्यात, यापुढे शांत व समंजस प्रशिक्षण मिळावे ही विनंती. प्रत माहितीसाठी: प्राचार्य, क्रीडाप्रमुख, विद्यार्थी कल्याण कार्यालय आणि, हात चालूच होता म्हणून, शिक्षणमंत्री. खाली सही 'एक चिंतित पालक'. त्यासाठी नवा ईमेल पत्ताही उघडला. नाव घातलं असतं तर मुलीला कळलं असतं आणि ती भांडली असती. त्या दिवशी मला छान झोप लागली. म्हणजे घराण्याच्या रीतीप्रमाणे विषय संपला होता.

आपण कोणत्या देशात आहोत एवढं फक्त मी विसरलो. चौथ्या दिवशी उत्तर आलं. कॉलेजनं तक्रारीची दखल घेतली होती. तीन पिढ्यांत आमच्या अर्जाची दखल घेतली जाण्याची ही पहिलीच वेळ. कल्याण कार्यालयातल्या बाईंनी माझ्या धैर्याबद्दल माझे आभार मानले होते. चौकशी पूर्ण होईपर्यंत कोचना बाजूला व्हायला सांगण्यात आलं होतं. वडील असते तर त्यांनी पेढे वाटले असते. मी ती मेल तीनदा वाचली आणि मला दरदरून घाम फुटला.

संध्याकाळी मुलगी खोलीतून बाहेर आली. "त्याला काढलं," ती चक्क मराठीत म्हणाली. "कुणीतरी पेरेंटनं कंप्लेंट केलीय. निनावी. सच अ कावर्ड."

"कोण असेल मेला!" बायको पोळी उलटत म्हणाली.

"असतात असे लोक," मी म्हणालो.

या वाक्याचा मला अभिमान नाही. पण ते इतकं सहज आलं की क्षणभर माझा मलाच विश्वास बसला.

कोचच्या जागी एक तरुण आला. मऊ आवाजाचा, फिक्या रंगाचा स्वेटर घातलेला. सरावाच्या सुरुवातीला तो प्रत्येकीला विचारायचा, आज तुला मनातून कसं वाटतंय? मग डोळे मिटून दीर्घ श्वसन. मुलींनी कॅमेरे बंद केले. सव्वीस काळ्या चौकोनांसमोर तो बिचारा चाळीस मिनिटं एकटाच श्वास घेत राहिला. माझ्या सातव्या मुद्द्यात मागितलं होतं ते सगळं अक्षरशः मिळालं होतं. घर शांत, मीटिंगा सुरळीत, आणि जेवायला बसल्यावर सुतकात असल्यासारखी तिघांची तोंडं. बायकोच्या उठाबशाही थांबल्या.

मग मुलींनी कोचच्या बाजूनं पत्र द्यायचं ठरवलं. संघाची प्रतिनिधी माझीच मुलगी. ती माझ्या स्टडीत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"बाबा, तू असली ऑफिशियल लेटर्स भारी लिहितोस. प्लीज लिहून दे ना."

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण लिहिणाऱ्याला कुणी 'तू भारी लिहितोस' म्हटलं की त्याची अक्कल गहाण पडते. तक्रारीतले मुद्दे कॉलेजनं संघाला कळवलेले होतेच; मी बसलो आणि त्यांना उत्तर म्हणून पुन्हा सात मुद्दे लिहिले. माझ्याइतकं त्या तक्रारीचं खंडन दुसरं कोण करणार होतं? फ्रिजची तुलना ही क्रीडाविनोदाच्या परंपरेत पाहावी, आजीचा उल्लेख हा स्वतःच्याच आजीचा असल्यानं त्यात तिऱ्हाइताचा अवमान नाही, वगैरे. सव्वीस सह्या झाल्या. मुलीनं मला घट्ट मिठी मारली, वर्षभरात पहिल्यांदा. मला त्या मिठीची लाज वाटली आणि ती सुटू नये असंही वाटलं.

पत्राचा परिणाम उलटाच झाला. कॉलेजनं कळवलं, दोन्ही बाजूंना भावना तीव्र आहेत, तेव्हा आता रीतसर सुनावणी घ्यावी लागेल. मी घाबरून निनावी पत्त्यावरून तिसरा अर्ज केला. विषय: तक्रार मागे घेणेबाबत. दुसऱ्याच दिवशी बाईंचं अतिशय प्रेमळ उत्तर. तक्रार मागे घेण्यासाठी माझ्यावर कुणी दबाव आणत असेल अशी त्यांना काळजी वाटत होती. त्यामुळे प्रकरण आता अधिक गंभीरपणे पाहिलं जाईल. मला असुरक्षित वाटत असल्यास फोन करायला एक नंबरही दिला होता. आरोप सिद्ध झाले तर कोच कायमचा जाणार होता. त्याला वाचवायचा एकच मार्ग होता. तक्रारदारानं सुनावणीला स्वतः यायचं आणि आपल्या मर्जीनं तक्रार मागे घेतो असं सांगायचं. कॅमेरा बंद ठेवला तर चालेल, नाव कुणाला कळणार नाही, हवं तर नुसतं टाइप करा, असं बाईंनी लिहिलं होतं.

दहा दिवस मी त्या मेलला उत्तर दिलं नाही. त्या दहा दिवसांत मुलीकडून कळायचं ते असं की संध्याकाळचे सहा वाजले की कोच घराबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसतो. जात कुठेच नाही. सात वाजता उतरून घरात येतो. त्याच्या बायकोनंच एका मुलीला फोनवर सांगितलं होतं. मी मनाशी म्हटलं, गाडीवर ओरडत असेल. पण हा विनोद मला त्या दिवशी पुरला नाही. अकराव्या दिवशी मी 'येतो' असं कळवलं.

सुनावणी मार्चमधल्या एका दुपारी झाली. झूमवरच. मुलगी प्रतिनिधी म्हणून तिच्या खोलीत, मी तक्रारदार म्हणून स्टडीत, मध्ये पुठ्ठ्याची भिंत. ऑफिसची मीटिंग आहे असं सांगून मी दार लावून घेतलं होतं. पडद्यावर कॉलेजची तीन माणसं, टाय लावलेला कोच, माझी मुलगी, आणि 'पालक' असं नाव लिहिलेला एक काळा चौकोन.

कोचला विचारलं, तुम्ही फ्रिजबद्दल तसं म्हणालात का? "म्हणालो." आजीबद्दल? "तेही म्हणालो. आजीला वाईट वाटलं नसतं, पण म्हणालो." त्यानं एकाही मुद्द्यावर वाद घातला नाही. इतक्या हळू आवाजात बोलत होता की बाईंना दोनदा विचारावं लागलं. तो ओरडत असताना मला जेवढा राग यायचा त्याहून जास्त अस्वस्थ मी त्या हळू आवाजानं झालो.

मग मुलीला विचारलं, तुम्हा सगळ्यांना हेच कोच का हवेत? मी खुर्चीत सावरून बसलो, आता माझे सात मुद्दे येणार म्हणून. तिनं कागद बाजूला ठेवला.

"मी दहा वर्षांची असल्यापासून इथे खेळते," ती म्हणाली. "याआधी तीन टीममध्ये होते. सगळे माझ्याशी खूप छान वागले. बाकीच्या मुलींच्या हातून बॉल सुटला की कोच त्यांच्यावर चिडायचे. माझ्या हातून सुटला की म्हणायचे, 'छान प्रयत्न, बाळा.' आणि हाफटाइमला हसत हसत मला बाहेर बसवायचे. याच्यापेक्षा बरं मला जमेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, म्हणून कुणी चिडत नव्हतं. हा माणूस पहिल्याच दिवशी माझ्यावर चिडला. इतरांवर चिडतो तेवढाच. तो खूप ओरडतो, आय नो. ते बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण मला बाहेर बसवत नाही."

 मग म्हणाली, "आणि ज्या पेरेंटनं हे लिहिलं त्यानं आधी आपल्या मुलीला एकदा विचारायचं होतं, तुला त्रास होतो का. आम्हाला कुणी विचारलंच नाही."

दहा वर्षं मी पुण्याला फोनवर सांगत आलो होतो की इथले लोक आमच्याशी किती चांगले वागतात. तिला प्रत्येक मॅचला मी सोडायचो, आणायचो. ती अर्धा वेळ बाकावर बसलेली असायची ते मला दिसायचं. मी त्याला 'रोटेशन' समजायचो. 

टाइप करायची सोय होती. आयुष्यात पहिल्यांदाच मला लिहावंसं वाटलं नाही. मी माइक सुरू केला आणि म्हणालो, "तो पालक मी. मी तक्रार मागे घेतोय."

माझा आवाज दोनदा ऐकू आला. एकदा माझ्या तोंडून, आणि अर्ध्या क्षणानं पुन्हा, भिंतीतून पलीकडे जाऊन मुलीच्या माइकमधून. कॉलेजची तीन माणसं आपापल्या पडद्याकडे झुकली. कोचनं मान वर केली. आणि एका चौकोनात माझ्या मुलीनं सावकाश डोकं वळवून भिंतीकडे पाहिलं.

बाईंनी विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "पण कोचचा नाही."

आता स्फोट होणार म्हणून माझं बोट आवाज कमी करायच्या बटणावर होतं. कोच म्हणाला, "कॅमेरा लाव, भल्या माणसा." मी लावला. त्यानं टायची गाठ सैल केली. मग म्हणाला, "सहावा मुद्दा बरोबर होता. बाटल्यांना लाथ मारायला नको होती. पुढच्या वेळी मला फोन कर. मी ओरडेन, तू ओरड. दहा मिनिटांत संपून जाईल."

प्रकरण मिटलं. कोचला ताकीद मिळाली की खेळाडूंशी बोलताना हयात अथवा दिवंगत नातेवाइकांचा उल्लेख करू नये, आणि तो परत आला. स्टडीचं दार उघडून मी बाहेर आलो तेव्हा बायको ओट्याशी उभी होती. "मला तर आधीच कळलं होतं," ती म्हणाली. "एका माणसाला नावं ठेवायची एवढी चांगली संधी आली आणि तुम्ही 'असतात असे लोक' म्हणून सोडलीत, तेव्हाच."

मी मुलीची वाट पाहत बसलो. ती भांडणार हे धरून चाललो होतो. काय काय म्हणेल आणि त्यावर मी काय म्हणायचं याची मनात जुळणीही झाली होती, आकडे घालूनच. तिचं दार उघडलं. ती आली, ग्लासभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "दमला असशील. चहा घेतोस का, बाबा?"

चहा तिनं चांगला केला होता. मी तो सगळा प्यायलो.

मे महिन्यात मैदानं उघडली. मी तिला पुन्हा सोडायला जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी पाहिलं, कोच ताकीद तंतोतंत पाळत होता. नातेवाईक वर्ज्य झाल्यामुळे तो शेजाऱ्यांवर आला होता. "तुझी शेजारीण याच्यापेक्षा जोरात पळेल, आणि ती तर पलंगावरून उठतसुद्धा नाही!" असं काहीतरी तो एकीला ओरडून सांगत होता. टोपी चिखलात होती आणि संघ आनंदात होता.

गाडीतून उतरताना मुलगी माझ्याकडे वळली. "थँक यू, बाबा," ती म्हणाली आणि दार अगदी हळू लावलं. आपल्यात मुलं बापाला थँक यू म्हणत नाहीत. इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतात.

ती कुंपणाच्या आत गेली. कोच लांबूनच तिच्यावर गरजला, उशीर झाला म्हणून. तिनं बॅग खाली टाकली आणि तितक्याच मोठ्यानं उलट ओरडून सांगितलं की दोन मिनिटं बाकी आहेत, घड्याळ बघ. तो हातवारे करत पुढे आला, तीही हातवारे करत पुढे गेली, आणि दोन मीटरवर थांबून दोघं मनसोक्त भांडली. मी सराव संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो. माझ्याशी ती त्या दुपारपासून एकदाही भांडलेली नाही.